दोन डगरींवर पाय ठेवून मोठं कसं व्हावं

गव्हर्नर, वकिलातीचा प्रमुख, परराष्ट्रमंत्री, सिनेटर आणि हार्वर्डचा अध्यक्ष ही सगळी पदं एकाच जन्मात हवीत, आणि तरी कुणाशी वाकडं यायला नको? मग मॅसॅच्युसेट्सच्या एडवर्ड एव्हरेट (१७९४–१८६५) यांचा कित्ता गिरवा.

सुरुवात लवकर करा. सतराव्या वर्षी हार्वर्डमधून पहिल्या नंबरानं बाहेर पडा आणि विसावं लागायच्या आत बॉस्टनच्या ब्रॅटल स्ट्रीट चर्चचे पाद्री व्हा. वर्षभरात कॉलेज ग्रीकच्या प्राध्यापकीला बोलावेल. लगेच हो म्हणा, पण वर्गात शिरू नका. आधी युरोपात शिकून येतो म्हणा. १८१७ मध्ये गटिंगेनहून पीएच.डी. आणा. जर्मनीची ही पदवी मिळवणारे तुम्ही पहिले अमेरिकन ठराल. मग काही वर्षं शिकवा, कंटाळा येऊ द्या आणि काँग्रेसमध्ये जा.

आता कसोटीचा विषय येतो, तो म्हणजे गुलामगिरी. इथे नवशिके एक बाजू धरून बसतात आणि फसतात. एव्हरेट यांची पद्धत वेगळी. १८२६ मध्ये सभागृहात चर्चा चालली होती राष्ट्राध्यक्ष निवडण्याच्या पद्धतीची. गुलामगिरीबद्दल त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. तरी त्यांनी सांगून टाकलं की दक्षिणेत गुलामांनी बंड केलं, तर ते मोडायला आपण पाठीवर पडशी आणि खांद्यावर बंदूक घेऊन आनंदानं निघू. उत्तरेतल्या माणसानं, तेही माजी पाद्र्यानं! १८३६ मध्ये गव्हर्नर होताच, गुलामगिरीविरोधी पत्रकं काढणाऱ्यांवर खटला भरता येईल, असंही सुचवलं. एवढ्यानं उत्तरेतले सुधारक पुरेसे चिडतात. मग माप सारखं करायचं: १८३९ मध्ये त्याच सुधारकांच्या प्रश्नावलीला, राजधानीच्या जिल्ह्यातली गुलामगिरी बंद व्हावी, असं उत्तर द्या. ते उत्तर दक्षिणेतले सिनेटर जपून ठेवतात. १८४१ मध्ये तुमचं नाव लंडनच्या वकिलातीसाठी पुढे आलं की ते बाहेर काढतात, आणि उभी हयात त्यांची मर्जी सांभाळूनही तुम्ही त्यांच्या लेखी कट्टर गुलामगिरीविरोधक ठरता. दोन्ही डगरी अशा एकदम खचवायला पंधरा वर्षांची मेहनत लागते.

त्याआधी निवडणूक हरायची आहे, आणि तीही नेटकी. गव्हर्नर म्हणून कामं चांगली करा: १८३७ मध्ये राज्याचं शिक्षण मंडळ स्थापा, त्याचं सचिवपद शिक्षणसुधारक होरेस मान यांना मिळू द्या, १८३९ मध्ये लेक्सिंग्टनला शिक्षक घडवणारी शाळा उघडा. एवढ्यावर लोक पाडत नाहीत. पाडायला दारूचा कायदा लागतो. १८३८ च्या कायद्यानं १५ गॅलनपेक्षा कमी मद्य विकायला बंदी झाली. १५ गॅलन म्हणजे सुमारे ५७ लिटर. ज्याला पिंप परवडतं त्यानं खुशाल प्यावं. मजुरानं मात्र घोटभरही विकत घ्यायचा नाही. अशा कायद्यावर सही करताना हात थरथरता कामा नये. लोकांनी तोड काढलीच. डेडहॅमच्या लष्करी संचलनाच्या दिवशी एकानं तंबू ठोकला आणि अंगावर पट्टे रंगवलेलं डुक्कर दाखवायचे पैसे घेतले. रमचा पेला फुकट. डुक्कर पुन्हा पुन्हा पाहावंसं वाटणाऱ्यांची संख्या लक्षणीय होती.

त्या पुढच्या वर्षीची मतमोजणी पाहा. एकूण मतं १,०२,०६६. जिंकायला निम्म्याहून जास्त हवीत, म्हणजे ५१,०३४. १८२८ पासून दरवर्षी उभे राहून पडणारे मार्कस मॉर्टन यांना पडली बरोबर ५१,०३४. एक कमी पडतं तर निवड विधिमंडळाकडे गेली असती, आणि तिथे बहुमत एव्हरेट यांच्याच व्हिग पक्षाचं होतं. वाद घालायला भरपूर जागा होती. तुम्ही घालू नका, सभ्यपणे खुर्ची सोडा. (इथे मला हा माणूस खरोखर आवडतो, पण उपदेशाच्या लेखात तसं म्हणायचं नसतं.)

हरलात की परदेशी जा. मित्र डॅनियल वेब्स्टर परराष्ट्रमंत्री असला की सोपं जातं. पद ‘मिनिस्टर’चं, म्हणजे वकिलातीच्या प्रमुखाचं; अमेरिका तेव्हा कुठेच ‘अँबॅसडर’ नेमत नसे. लंडनला पोचून मेन राज्य आणि ब्रिटिश कॅनडा यांच्यातल्या सीमेच्या भांडणाची कागदपत्रं नीट लावून ठेवा. मग ब्रिटिश सरकार लॉर्ड अ‍ॅशबर्टन यांना थेट वॉशिंग्टनला पाठवतं आणि १८४२ चा तह तुमच्या मित्राच्या टेबलावर होतो. तुम्ही लंडनमध्ये मेजवान्यांना जा. १८४३ मध्ये ऑक्सफर्ड मानद पदवी देईल. तुमचा, त्रैक्य न मानणारा, युनिटेरियन पंथ न रुचणारे विरोध नोंदवतील, पण सभागृहातल्या गोंगाटात तो कुणालाच ऐकू येणार नाही.

परतल्यावर हार्वर्डचं अध्यक्षपद. तीन वर्षं पोरांच्या खोड्या मोजण्यात जातात. या काळात नमुना एकदा बिघडतो: एक काळा विद्यार्थी प्रवेशपरीक्षेला बसणार म्हणून कुरबुर झाली, तेव्हा एव्हरेट म्हणाले की तो पास झाला तर त्याला घेणार, आणि गोरी मुलं निघून गेली तर कॉलेजचं सगळं उत्पन्न त्याच्या एकट्याच्या शिक्षणावर खर्च करणार. बिचारा प्रवेशाआधीच वारला. ही चूक तुम्ही करू नका, सवय लागते.

पुढे वेब्स्टर वारल्यावर जेमतेम चार महिने परराष्ट्रमंत्री, मग सिनेट. १८५४ मध्ये नव्या प्रदेशांत गुलामगिरीला वाट करून देणाऱ्या कॅन्सस-नेब्रास्का विधेयकावर रात्रभर बैठक चालते. अशा वेळी प्रकृती बिघडणं उत्तम. एव्हरेट घरी गेले, पहाटे मतदान झालं, त्यांचं मत नोंदलंच गेलं नाही. उत्तर संतापली आणि काही आठवड्यांत राजीनामा.

मग सुरक्षित विषय पकडा, ज्यावर दोन्हीकडचे टाळ्या देतात: जॉर्ज वॉशिंग्टन. एकच व्याख्यान गावोगावी शंभराहून जास्त वेळा द्या आणि त्यांचं माउंट व्हर्ननचं घर विकत घ्यायला ७० हजार डॉलरच्या आसपास जमवा. त्याच निधीसाठी साप्ताहिकात वर्षभर सदर लिहा, त्याचे आणखी दहा हजार. १८६० मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाला उभे राहाल तेव्हा जाहीरनाम्यात राज्यघटना, संघराज्य आणि कायद्याची अंमलबजावणी एवढंच लिहा. गुलामगिरी हा शब्दच नको. जोडीदाराचं आडनाव बेल, म्हणून सभांमध्ये घंटा वाजवा. तीन राज्यं मिळतील. काही महिन्यांत यादवी युद्धाच्या तोफा सुरू होतील.

आता शेवटचं मोठं काम, गेटिसबर्गचं भाषण. जुलैच्या तीन दिवसांच्या लढाईत तिथे पडलेल्या सैनिकांच्या स्मशानभूमीच्या अर्पणाचं निमंत्रण २३ ऑक्टोबर १८६३ चं आलं, तर एवढ्यात तयारी होत नाही असं कळवून तारीख १९ नोव्हेंबरवर न्या. निमंत्रितांमध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकनही आहेत, पण ते नंतर सुचलेलं. त्यांनी ‘दोन शब्द’ बोलायचे आहेत. लष्कराचे अहवाल वाचा, रणभूमी पायी पाहा, मजकूर आधीच छापून घ्या आणि पाठ करा. वय ६९, लघवीचा त्रास, म्हणून व्यासपीठाशेजारी तंबू लावून घ्या. बोलायला उभे राहाल तेव्हा कागद टेबलावर ठेवा, पण त्याकडे पाहू नका. अथेन्सच्या अंत्यसंस्कारांपासून सुरुवात, मग मॅरेथॉन, मग जुलैचे तीन दिवस. १३,६०७ शब्द, दोन तास. आणि हो, एरवी बाजू टाळणाऱ्यानं इथे ती घेतली: हे बंड आहे आणि दोष बंडखोरांचा, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. तेव्हा वर्तमानपत्रांनी छापलंही. मग उंच, किडकिडीत गृहस्थ उठले आणि पावणेतीनशेच्या आत शब्द बोलून बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांना चिठ्ठी लिहा, की तुम्ही दोन मिनिटांत प्रसंगाच्या गाभ्याशी जितके पोचलात, तितका मी दोन तासांत पोचलो असं वाटलं तरी मला आनंद होईल. खुशामत म्हणून नाही; ते खरंच आहे म्हणून.

चौदा महिन्यांत तुम्ही जाल. सरकार पन्नास डॉलरच्या नोटेवर तुमचं चित्र छापेल आणि पुढे काढून टाकेल. वॉशिंग्टन राज्यात एव्हरेट नावाचं शहर आहे, ते दुसऱ्याच एव्हरेटचं. पण जाण्याआधी एक करून ठेवा: जखमी सैनिकांच्या मदतनिधीसाठी छोट्या भाषणाची हस्तलिखित प्रत लिंकनकडून मागून घ्या आणि आपल्या दोन तासांच्या बाडासोबत बांधा. ती आज इलिनॉयच्या स्प्रिंगफील्डमध्ये आहे. लोक ती बघायला येतात, अक्षर लिंकनचं, आणि तिचं नाव ‘एव्हरेट प्रत’.