सायकलीचं बाळंतपण

पावसात ठाण्यातल्या येऊरच्या डोंगरावर सायकलनं जाऊन आलेल्या माणसाचे फोटो सगळे बघतात. धुकं, हिरवीगार झाडी, चिखलानं माखलेल्या पोटऱ्या, हातात कटिंग. तोच माणूस घरी आल्यावर पार्किंगच्या कोपऱ्यात उकिडवा बसून सेफ्टीपिनेनं ब्रेकच्या रबरातले खडे उकरत असतो, तो फोटो कुणी टाकत नाही. टाकला तर पुढच्या रविवारी उपवनला निम्मी मंडळी उगवणार नाहीत.

ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात उरकून घेतो. त्यात शेजारी खाडी. जुलैत आमच्याकडे टॉवेल वाळत नाहीत, मीठ बरणीतून खरवडून काढावं लागतं, कपाटातल्या लग्नाच्या सुटाला बुरशी येते. अशा हवेत पोलादाच्या चेननं एकटीनंच निर्मळ राहावं ही अपेक्षा जरा जास्तच. रात्री ओली सोडलेली चेन सकाळी केशरी होऊन बसते.

नुसतं पाणी असतं तरी एक वेळ भागलं असतं. येऊरचा चिखल सज्जन असतो; वाळला की झडतो. इंगा दाखवतो तो घोडबंदर रोडचा राडा. बांधकामाची माती, डंपरमधून सांडलेली खडीची भुकटी, सिमेंट, वर कुणाच्या तरी टेम्पोचं गळकं डिझेल. हे सगळं चेनच्या तेलात कालवलं जातं आणि त्याचा काळा लगदा पॅडलच्या प्रत्येक फेऱ्याला आतून लोखंड खात राहतो. ‘चेन लांबली’ म्हणतात तेव्हा पोलाद ताणलं गेलेलं नसतं. आतल्या पिना झिजून एकेक सांधा केसभर सैल झालेला असतो. नव्या चेनच्या चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरतात. त्यावर अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, जास्त भरल्या की चेन बदलावी. नाहीतर ती जाताना मागचे दातेही सोबत घेऊन जाते, आणि दात्यांची किंमत ऐकली की माणसाला स्वतःच्या दातांची कामं स्वस्त वाटू लागतात.

आमचा पेपरवाला या सगळ्याच्या पलीकडे पोचलेला आहे. त्याच्या काळ्या सायकलीला दोन्हीकडे पूर्ण मडगार्ड, पुढच्याला घोट्यापर्यंत रबराची फडफडती झालर आणि चेनला डब्यासारखं बंद कव्हर. पाऊस कितीही पडो, हा गणपतीला एकदा आणि दिवाळीला एकदा तेल सोडतो, संपलं. आमच्या सायकली त्याच्या पाच-सहापट किमतीच्या, त्यांना मडगार्ड नाही. का, तर वजन वाढतं. मग पाठीवर मानेपासून खाली चिखलाचा एक सरळ पट्टा घेऊन आम्ही तलावपाळीवरून अभिमानानं जातो. पेपरवाल्याच्या बाजूनं एवढंच बोलता येत नाही की त्याचे ब्रेक लागतात. लोखंडी रिम ओली झाली की ब्रेक केवळ सदिच्छेवर चालतो. आमच्या ॲल्युमिनियमच्या रिमचंही चाकाचे पहिले काही फेरे पाणी पुसण्यात जातात, मग रबर पकडतं. येऊरच्या उतारावर, समोर रिक्षा वळत असताना, ते फेरे भलतेच मोठे वाटतात.

असो. घरी पोचल्यावर प्रश्न येतो, धुवायची कुठे? जिन्याखाली पाटी आहे: ‘सोसायटीच्या आवारात वाहने धुण्यास सक्त मनाई आहे’. खाली सेक्रेटरींची लफ्फेदार सही. रोज पहाटे गाड्यांवर बादल्या रिकाम्या करणारा पोऱ्या आपलं फडकं त्याच पाटीवर वाळत घालतो, पण तो गाड्यांचा. माझी अर्धी बादली दिसली की वॉचमन धावत येतो. “साब, सेक्रेटरी साब ने मना किया है।” घरातल्या बाथरूममध्ये न्यायची तर लिफ्टमध्ये ती मागच्या चाकावर उभी करावी लागते आणि चौथ्या मजल्यापर्यंत तिचं हँडल आणि मी एकमेकांच्या गळ्यात पडलेले असतो. वर आईचा आवाज: “ओलं घेऊन आत येऊ नकोस!” हे मला होतं की सायकलीला, ते अजून कळलेलं नाही.

शेवटी गॅलरीवर तह झाला. आईनं तिथला सोहळा एकदा स्टूल टाकून पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. आधी कोमट पाण्यात पिळलेलं फडकं. मग कोरडं, जुन्या बनियनचं. मग टेबल फॅनसमोर बसवून वारा. मग चेनच्या एकेका रोलरवर तेलाचा एकेक थेंब, पॅडल उलटं फिरवत, म्हणजे एकशे दहाएक थेंब. मग पुन्हा पुसणं. वर जुनी चादर.

“बाळंतिणीचंच चाललंय की रे हे,” आई म्हणाली. “शेगडी तेवढी राहिली.” थोड्या वेळानं म्हणाली, “तुझ्या वेळी मला कुणी एवढं तेल लावलं नव्हतं.”

“अगं, वरचं तेल पुसूनच टाकायचं असतं. आत मुरेल तेवढंच कामाचं, बाहेरचं धूळ खेचतं.”

“हळिवाचे लाडू वळू का?”

तेवढ्यात तिला तिचा पेपर माझ्या बुटांत बोळे होऊन बसलेला दिसला. बुटातलं पाणी शोषायला वर्तमानपत्रासारखं दुसरं काही नाही, पण शब्दकोडं भरायचं राहिलं होतं. तिनं उजव्या बुटातून ते काढलं, हातानं सपाट केलं आणि ओल्या कागदावर पेन चालत नाही म्हणून मलाच रागावली.

तेल कुठलं घालावं याबद्दल आमच्या इमारतीत मतांना तोटा नाही. खोबरेल, शिलाई मशिनचं, एकानं तर गाईचं तूप सुचवलं. शिलाई मशिनचं तेल पातळ, ते तीन हात नाका येईपर्यंत वाहून जातं. सगळ्यांचा लाडका तो निळा-पिवळा फवारा, डब्ल्यूडी-४०. तो १९५३ साली अमेरिकेत तयार झाला तोच मुळी पाणी हटवण्यासाठी. ते काम चोख करतो, पण त्यानंतर खरं तेल घालावं लागतं हे ऐकायला कुणी थांबत नाही. पावसाळ्यात घट्ट, चिकट, वेट ल्यूब म्हणून मिळतं ते तेल लागतं. बाटली बोटाएवढी, किंमत साजूक तुपाला लाजवणारी. गाईच्या तुपाची सूचना तेव्हा तितकी विनोदी वाटत नाही.

या विषयातला माझा एकच गुरू, नौपाड्यातल्या गल्लीत बसणारे सायकलवाले काका. त्यांच्याकडे एकदा एक तरुण गाड्यांच्या सेंटरवर प्रेशर मारून चकाचक केलेली सायकल घेऊन आला. काकांनी चाक फिरवलं, दांड्याला कान लावला. “बेअरिंगचे छर्रे गेले.” तरुण म्हणाला, अहो, आत्ताच धुतलीय. “म्हणूनच. फवाऱ्याचं पाणी छर्ऱ्यांच्या कोन-वाटीत घुसलं, ग्रीस बाहेर आलं. सायकल धुवायची नसते साहेब, पुसायची असते.” मग त्यांनी सीट दांड्यासकट उपसली, सायकल उलटी केली, आणि फ्रेमच्या पोटातून चांगलं कटिंगभर तपकिरी पाणी गटारात गेलं. मागच्या चाकाचं पाणी सीटखाली उडतं, दांड्याच्या कडेनं नळीत उतरतं आणि पॅडलच्या बेअरिंगवर साचून राहतं. बाहेरून पत्ता लागत नाही.

तेव्हापासून मोठ्या पावसानंतर मीही गॅलरीत सायकल उलटी करतो. खालच्या मजल्यावरच्या काकू कठड्यातून मान वर करून विचारतात, “काय रे सांडतंय?”

“पाऊस आहे, काकू.”

जे खोटं नाही.

परवा लिफ्टमध्ये सेक्रेटरी भेटले. हातात नवीकोरी सायकल, मागच्या चाकावर उभी, हँडल त्यांच्या गळ्यात. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणाले. कपड्यांवर पाठीमागे तो ओळखीचा पट्टा. दुसऱ्या मजल्यापर्यंत चेनचं तेल झालं, तिसऱ्याला ब्रेकचे खडे. चौथा यायला लागला तसा त्यांनी आवाज उतरवून विचारलं, “अहो, पण तुम्ही धुता कुठे?”

“धुवायला मनाई आहे ना. मी पुसतो.”

“आणि ती बादली?”

“फडकं पिळायला.”

त्यांनी क्षणभर विचार केला. लिफ्टचं दार उघडलं होतं, पण त्यांनी पुन्हा तळमजल्याचं बटण दाबलं आणि मला म्हणाले, “बादली देता का जरा?”