वीज कोणाला लागते यावरून कोण हलते ते ठरत नाही

समवेगाने, म्हणजे वेग आणि दिशा न बदलता, धावणाऱ्या गाडीतून पाहिले तर झाडे मागे जातात हेही तितकेच खरे, असे मी माझ्या लेखात म्हटले होते. त्यावर ‘एक अभियंता’ या नावाने आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर द्यायचे नाही असे ठरवले होते. पण ‘लेखकाने आधी आठवीचे पुस्तक उघडावे’ हे वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना. चूक दाखवायला पुस्तक अंगावर फेकावे लागत नाही. ताशी 72 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 20 मीटर. माझ्या लेखात 25 पडले होते. ती चूक माझी, ती दुरुस्त केली आहे, आभार.

आता मूळ आक्षेप. ‘झाडे मागे पळताना दिसतात हा निव्वळ भास, खरी हलते ती गाडी, कारण वीज गाडीला लागते, झाडाला नाही,’ असे आपण मोठ्या खात्रीने लिहिता. ठाणे स्थानकावर वर जाणाऱ्या सरकत्या जिन्यावरून एकदा खाली उतरून पाहा (गर्दीच्या वेळी कृपया नको). जिन्याच्याच वेगाने उतरलात, तर फलाटावरच्या माणसाला आपण जागच्या जागी दिसाल आणि घाम मात्र आपल्यालाच फुटेल. ज्याची ऊर्जा खर्ची पडली तोच हलला, असा नियम असता तर एव्हाना आपण खाली पोहोचला असता. सपाट रुळांवर समवेगाने धावणाऱ्या गाडीला वीज लागते ती हवेचा आणि घर्षणाचा विरोध मोडायला. विरोध नसता तर तीही लागली नसती.

आणि आपले ते स्थिर झाड? पृथ्वीच्या परिवलनामुळे ठाण्याच्या अक्षांशावर ते ताशी सुमारे 1,580 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे चालले आहे. नावेतल्या माणसाला काठ मागे सरकताना दिसतो तसेच स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, हे आर्यभटाने पंधराशे वर्षांपूर्वी सांगितले. त्यालाही आठवीचे पुस्तक पाठवणार का?

मी एकोणीस वर्षे ठाणे–वाशी गाडीने भौतिकशास्त्र शिकवायला जात होतो, तीही बहुतेकदा उलट्या तोंडाच्या बाकावर बसून, त्यामुळे ‘भास’ म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये. ऐरोली सुटली की मी रुपयाचे नाणे हातभर उंच उडवत असे. ते सरळ वर जाऊन 0.6 सेकंदांत तळहातावर परत येई. गाडी ताशी 72 किलोमीटरने धावत असेल, तर रुळांकडेला उभ्या असलेल्याला तेच नाणे कमान करत 12 मीटर पुढे गेलेले दिसते. दोघांची मोजमापे बरोबर आहेत. यातली खरी वाट कोणती, असे विचारणे म्हणजे कोणत्या चौकटीतून, म्हणजे गाडीला स्थिर धरून की रुळांना, पाहता ते न सांगताच उत्तर मागणे.

‘ब्रेक लागल्यावर धक्का गाडीतल्यांनाच का बसतो?’ हा आपला शेवटचा प्रश्न त्वरणाचा, म्हणजे वेग बदलण्याचा आहे. माझा लेख समवेगी गतीपुरता होता, हे दुसऱ्याच परिच्छेदात लिहिले आहे. वाचले असतेत तर दिसले असते. तूर्त एवढेच, की तेव्हा गाडीच्या चौकटीत आभासी बल (कोणी ढकलत नसताना ढकलल्यासारखे जाणवते ते) धरावे लागते. नाणे उडवून पाहणार असाल तर गाडीने वेग धरल्यावर उडवा. रबाळे येताना उडवलेत आणि ते पुढच्याच्या मांडीवर पडले, तर त्याचेही खापर आपण माझ्याच डोक्यावर फोडाल.