बोकड एक, आलं एक रत्तल

रविवारी दुपारी इंदूरच्या सुदामानगरातल्या आमच्या घरात जेवणाचं टेबल माझ्या मालकीचं नसतं. त्यावर एक गाव वसतं. गावाला तटबंदी आहे, देऊळ आहे, दारूचा गुत्ता आहे, उत्तरेच्या डोंगरात सोन्याच्या ढिगावर झोपलेला ड्रॅगन आहे, आणि पेठेच्या टोकाला एका कुटुंबाचं मटणाचं दुकान आहे. ड्रॅगनला मारायचं आणि सोनं आणायचं, एवढाच खेळाचा उद्देश. मुलं दिवाळीच्या आधीपासून खेळताहेत आणि अजून त्या दुकानातून बाहेर पडलेली नाहीत.

खेळाचं नाव डन्जन्स अँड ड्रॅगन्स. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी तो काढला, म्हणजे माझ्याहून चार वर्षांनी धाकटा. चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे फासे असतात. प्रत्येकानं एकेक सोंग घ्यायचं आणि एकानं डीएम, म्हणजे डन्जन मास्टर, होऊन बाकी सगळ्या जगाचा कारभार बघायचा. आमचे डीएम म्हणजे आमचे चिरंजीव. याच्या खोलीत ओला टॉवेल गादीवर पडलेला असतो, पण सात राज्यांचा कारभार व्यवस्थित चाललेला असतो.

माझा यात काडीचा संबंध नव्हता. पण त्याच्या वहीत त्या दुकानाबद्दल एकच ओळ होती, ‘मटणाचं दुकान, घरचेच लोक चालवतात’. बुटका योद्धा झालेल्या मुलानं सहज विचारलं, “घरचेच म्हणजे कोण कोण?” डीएम गप्प. मी ओट्याशी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. तिथूनच म्हटलं, “म्हातारा, दोन मुलगे, आणि गल्ल्यावर थोरली सून. धाकट्याचं लग्न जमत नाहीये, म्हणून तो सत्तूर जरा जास्तच जोरात चालवतो.”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. “अरे भिया!” मांत्रिक झालेला मुलगा अस्सल इंदुरी थाटात म्हणाला. “काकू, तुम्हीच व्हा ना थोरली सून.”

आता मटणाचं म्हणाल, तर आमच्याकडे ते पिढ्यान्‌पिढ्या रविवारी शिजतं. आमचं घराणं होळकरांच्या फौजेबरोबर माळव्यात आलं, असं सासरे सांगत. फौजेत नक्की कोण होतं असं विचारलं की ते रस्सा वाढायला सांगत. तेव्हा दुकान कसं असतं हे मला कुणी शिकवायला नको. सोललेला बोकड आकड्याला टांगलेला, त्याच्या मागे शेपटीच्या टोकाचे केस मुद्दाम ठेवलेले, गिऱ्हाइकाला बोकड की मेंढी हे कळावं म्हणून. मधोमध झिजून वाटीसारखा खोल झालेला लाकडी ठोकळा. काळीज आणि गुर्दे वेगळ्या ताटात, कारण ते आधीच कुणीतरी राखून ठेवलेले असतात. मी एवढं सांगितलं आणि मुलं वहीत उतरवून घ्यायला लागली. इतिहासाच्या तासाला ही एकाग्रता दाखवली असती तर कुठल्या कुठे गेली असती.

पहिलं गिऱ्हाईक एल्फ, म्हणजे परीकथेतला टोकदार कानांचा माणूस. “मीट द्या.”

“कुठलं?”

“मीट.”

“सीना, चाप, रान, नळी, खिमा?”

एल्फ डीएमकडे बघायला लागला. हे एल्फ लोक साडेसातशे वर्षांपर्यंत जगतात म्हणे. हा तीनशेचा होता. तीनशे वर्षांत एकदाही याला घरच्यांनी मटण आणायला पाठवलं नसणार, सगळं बहिणीनंच आणलं असणार. चिरंजीवांनी घाईघाईनं खेळाच्या नियमांचं पुस्तक उघडलं. त्यात लिहिलं होतं: मांसाचा तुकडा, तीन चांदीची नाणी. वजन नाही, हाडाचं की बिनहाडाचं याचा पत्ता नाही. असला भावफलक एखाद्यानं खरंच लावला, तर दुपारपर्यंत दोन डोकी फुटतील.

मी ते पुस्तक ओढून घेतलं आणि तिथेच ड्रॅगनचं नशीब फळफळलं. पुस्तकात बाजारभावाचा तक्ता आहे. दहा तांब्यांची एक चांदी, दहा चांदीचं एक सोनं. एका सोन्याच्या नाण्यात एक बोकड. ठीक. त्याच ओळीत, त्याच एका नाण्यात, एक पाउंड आलं. म्हणजे आपलं जुनं रत्तल, साडेचारशे ग्रॅम. मी चष्मा पुसून परत वाचलं. मेंढी दोन नाण्यांना आणि रत्तलभर मिरी किंवा दालचिनीही दोन नाण्यांना. लवंगेला डुक्कर. केशराला बैल. उलट कोंबडी फक्त दोन तांब्यांना, म्हणजे रत्तलभर पिठाच्या भावात. पन्नास कोंबड्या विकाव्यात तेव्हा एक बोकड येणार!

मला त्या थोरल्या सुनेची मनापासून कीव आली. अख्ख्या बोकडाच्या रश्श्याला पाव रत्तल आलं तरी वाटावं लागतंच. म्हणजे बोकडाची एक तंगडी आल्यातच गेली. मग मिरी, दालचिनी, लवंग. पाहुणे आले तर बोकड परवडेल, वाटण परवडणार नाही. “काकू, मध्ययुगात युरोपात मसाले महागच होते, जहाजानं यायचे,” मांत्रिक म्हणाला. तो इतिहासात एमए करतोय. “येऊ देत ना जहाजानं,” मी म्हटलं, “पण मग तुमचा तो ड्रॅगन सोन्यावर कशाला झोपतो? आल्यावर झोपायला नको का त्यानं?”

यावर बराच वेळ शांतता होती. मग बुटका हळूच म्हणाला की गल्ला सोडून मसाल्याचा डबाच पळवला तर? त्यानंतरची पूर्ण दुपार मसाल्याच्या डब्याला कुलूप बसवण्यात गेली.

उधारीचं प्रकरण आणखी पुढचं. बुटक्याला दोन बोकड उधारीवर हवे होते. “आज नगद, कल उधार,” मी भिंतीकडे बोट दाखवलं. त्यानं वीस बाजूंचा फासा टाकला आणि वीस पडले. टेबलावर एकच जल्लोष. चिरंजीव म्हणाले, “आई, वीस पडलेत, आता तुला ऐकावंच लागेल.” मी म्हटलं, पान दाखव. नियम २०१४ च्या पुस्तकात स्वच्छ लिहिलाय. वीस पडले की हमखास यश, हे हल्ला करताना. मन वळवताना नाही. गिऱ्हाइकानं हल्ला केला तर बघू, उधारी मिळणार नाही. राजवाड्यासमोर साड्यांची खरेदी करून वाढलेल्या बाईला ही मुलं फाश्यानं पटवायला निघाली होती! शेवटी ड्रुइड, म्हणजे रानावनाची पुजारीण, झालेल्या मुलीनं तोडगा काढला. ती सीएची तयारी करतेय आणि शुद्ध शाकाहारी आहे, तरी आता दुकानाचं उधारीखातं तीच लिहिते.

मधल्या काळात रात्री बोकड चोरीला जायला लागले. डीएमची कल्पना अशी, की मुलं चोराचा माग काढत डोंगराकडे जातील. मुलं डोंगराकडे गेली नाहीत. पुरोहित झालेल्याला मेलेल्याशी बोलण्याचा मंत्र येत होता. त्याला पाच प्रश्न विचारता येतात, अट एवढीच की प्रेताला तोंड हवं. तोंड होतं. फळीवर मुंडी होती.

“पटकन विचारा,” मी म्हटलं, “ती एका गिऱ्हाइकानं राखून ठेवलीय.”

पुरोहितानं डोळे मिटले, हात उंचावले आणि गंभीर आवाजात विचारलं, “चोर कोण?”

“बेंऽऽ,” डीएम म्हणाला.

नियमच तसा आहे. प्रेताला जिवंतपणी जी भाषा येत होती तीच नंतर येते. ड्रुइडला जनावरांची भाषा समजण्याचा मंत्र येत होता, पण मुंडीला आता जनावर म्हणायचं की माल, यावर दोघांची जुंपली. तोवर एल्फानं अनवधानानं “म्हणजे?” असं विचारलं आणि तो दुसरा प्रश्न धरला गेला. पाचही उत्तरं “बेंऽऽ” आली. पुरोहिताचा दिवसाचा सगळ्यात मोठा मंत्र खर्ची पडला. मी त्याच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली, वर जरा जास्त शेव घातली, जिरावन हा आमचा पोह्यांवरचा मसाला भुरभुरला. काय करणार, लेकराचं तोंड उतरलं होतं.

मग कुणीतरी विचारलं, दुकानातली आतडी, शिंगं, खूर टाकतात कुठे? चिरंजीव बेसावधपणे म्हणाले, “गटारात.” टेबलावरचे सगळे इंदूरचे. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर धरून बसलेलं शहर आमचं. इथे ओल्या कचऱ्यात पेनाचं टोपण सापडलं तर गाडीवाला सगळ्या गल्लीसमोर विचारतो. “गटारात?” पाचजण एकदम म्हणाले. डीएमनं सारवासारव केली की गटारात ऑट्यूग नावाचा राक्षस राहतो, तीन पायांचा, तो सगळी घाण खातो. “ओलं-सुकं वेगळं करून?” मी विचारलं. पुढचा आख्खा रविवार ऑट्यूगला शिस्त लावण्यात गेला.

गेल्या आठवड्यात चिरंजीवांचा संयम सुटला. त्यानं ड्रॅगनलाच गावात आणला. तांबडा, पंख पसरले की निम्मी पेठ अंधारात. एका फुंकरीत दुकानाची राख. म्हातारा बाहेर ओट्यावर होता म्हणून वाचला. “आता बोला!” चिरंजीव खुर्चीवरून उठूनच म्हणाले.

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. ड्रुइडनं वही उघडली. “काकू, जागा कुणाच्या नावावर आहे?”

जागा म्हाताऱ्याच्या नावावर होती, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. धाकट्याला रस्त्याकडची बाजू हवी होती. थोरला म्हणत होता की तोंड माझं, पिछाडी तुझी. एल्फाला पंच नेमलं, कारण खटला निकाली निघेपर्यंत जिवंत राहण्याची शाश्वती फक्त त्याची होती. बुटक्यानं वाटणीची भिंत बांधून देण्याचा भाव सांगितला आणि त्यातले निम्मे पैसे जुन्या उधारीत वळते करायला सांगितले. ड्रॅगन देवळाच्या कळसावर बसून होता. चिरंजीवांनी दोनदा आठवण करून दिली. एल्फ म्हणाला, “भिया, दोन मिनिटं.”

आता येत्या रविवारी नवीन बांधकामाचा नकाशा मंजूर करून घ्यायला नगरपालिकेत जायचंय. तिथल्या कारकुनाचं काम आमच्या ह्यांनी मागून घेतलंय. छत्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस. सकाळी मी चहा विचारायला गेले, तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “साहेब जागेवर नाहीत, उद्या या.”