मालकाचं उत्तर : दापोली–कर्दे–आंजर्ले–केळशी सायकल फेरी

नमस्कार सर,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. त्रास झाला त्याबद्दल मनापासून क्षमस्व. सुट्टी काढून, पुण्याहून एवढा घाट उतरून आलेला माणूस चिडून परत जावा, असं कुठल्याच धंदेवाल्याला वाटत नाही. तुम्ही लिहिलंय की 'कोस्टल' सांगून डोंगर चढायला लावले, चढावर चेन उड्या मारत होती, सायकलींची देखभाल शून्य आहे, आणि निघताना धुलाईच्या नावाखाली ५०० रुपये उकळले. बाकीचं सांगतोच, पण त्या ५०० रुपयांचं आधी बोलतो.

सर, रिव्ह्यूला तुम्हीच जोडलेला तिसरा फोटो जरा मोठा करून बघा. कर्द्याचा किनारा, मागे डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटी आणि आमची सायकल समुद्रात उभी. पाणी मागच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, टेकलंय. त्याखाली लटकणारा, गिअर बदलणारा डिरेलर तर दिसतच नाही, तो पाण्याखाली आहे. फोटो छान आलाय, त्याबद्दल वाद नाही.

ओहोटीला कर्द्याची वाळू इतकी घट्ट असते की टायरची नक्षी जेमतेम उमटते. मोह होतोच. म्हणून निघण्याआधी मी स्वतः सांगतो, आणि फॉर्मवरही मराठीत लिहिलंय : वाळूवर खुशाल चालवा, खाऱ्या पाण्यात घालू नका, घातलीत तर धुलाईचे ५०० रुपये. तुमची सही त्या ओळीच्या खालीच आहे. फॉर्म माझ्याकडे आहे, पण तो इथे टाकणार नाही. कोणाची सही अशी चव्हाट्यावर टाकणं बरं दिसत नाही.

आता चेन. आदल्या संध्याकाळी तीच सायकल तुमच्यासमोर स्टँडवर लावून सगळे गिअर फिरवून दाखवले होते. तुम्ही म्हणालात, मस्त चाललीय. चाललीच होती. खारं पाणी चेनवरचं तेल धुऊन नेतं आणि तेलाच्या जागी बारीक वाळू जाऊन बसते. सपाटीवर काही जाणवत नाही. मुरूड, सालदुरे, पाळंदे करत हर्णैपर्यंत तुम्हाला जाणवलंही नाही, बंदरावर सुवर्णदुर्गाचे फोटो काढलेत तेव्हा तुम्ही खुशीत होता. खाडीवरचा पूल ओलांडून आंजर्ल्यात कड्यावरच्या गणपतीची चढण लागली, हलका गिअर पडला, पायाचा जोर आला आणि वाळूने आखडलेल्या कड्या दातांवर नीट बसेनात. मग चेन उडी मारणार नाही तर काय करणार?

तुम्ही गेल्यावर मी आणि आमच्याकडचा पोरगा, दोघांनी मिळून दोन्ही चाकं काढली, गोड्या पाण्याने धुतली, चेन डिझेलमध्ये टाकली, मागचा हब खोलला. आतलं ग्रीस दुधासारखं पांढरं झालं होतं आणि बोटाला वाळू कचकचत होती. सगळं पुसून नवीन भरलं. इथली नुसती हवाच लोखंड खाते, तिथे समुद्राचं पाणी एक रात्र आत राहिलं असतं तर बेअरिंग गेलंच होतं. एवढं करूनही चेन वाचली नाही. नवी टाकली, ७०० ला आली. ती तुमच्याकडे मागितली नाही. 'देखभाल शून्य' हे त्या पोराने वाचलंय, कारण रिव्ह्यू मला मोबाईलवर वाचून दाखवतो तोच.

रूटचं म्हणाल तर कोकणात किनाऱ्याने जाणं म्हणजे सपाटीने जाणं नव्हे. खाडी आली की रस्ता खाली उतरतो, खाडी संपली की परत सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढतो. खुद्द दापोलीच दोनशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. आसूदच्या बागांमधून सकाळी जे फुकटात उतरलात ते संध्याकाळी चढून फेडावंच लागतं. आंजर्ल्यानंतर पाडले, आडे हा समुद्राला लागून असलेला तुकडा अख्ख्या तालुक्यात सुंदर (हे माझं मत, हर्णैवाल्यांना पटणार नाही). पण तो संपला की उटंबरचा चढ आहे आणि तो तोंडचं पाणी पळवतो. ७० किलोमीटरच्या वरची फेरी आहे, 'अवघड' असं फोनवर सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, सिंहगड नेहमी करतो. मग मी काय बोलणार? सिंहगड एकदा चढला की संपतो. इथे चढ तुकड्यातुकड्यांनी येतात, आणि दमट हवेत घाम वाळत नाही. सहाला निघायचं ठरलं होतं, तुम्ही निघालात आठनंतर, त्यामुळे उटंबर भर उन्हात आलं. तिथून फोन केलात, टेंपो आला, त्याचे पैसे घेतले नाहीत. रिव्ह्यूत ते राहून गेलंय. असो.

हिशेब करताना माझा आवाज चढला असं लिहिलंय. चढला असेल. पुढची पार्टी दारात उभी होती.

आमचा धंदा पावसाचे चार महिने बंद असतो. दिवाळी ते होळी जे मिळेल त्यावर वर्ष काढायचं. तुमचा रिव्ह्यू सगळ्यात वर दिसतो आणि डिसेंबरच्या एका ग्रुपने तो वाचून 'कळवतो' म्हणून फोन ठेवला, अजून कळवलं नाही. रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही. फक्त तिसऱ्या फोटोखाली एक ओळ लिहिता आली तर बघा.

सुधारणा करतोच आहोत. चढ-उताराचा तक्ता बुकिंगच्या मेसेजमध्ये टाकायचं चाललंय, उशिरा निघणाऱ्यांसाठी हर्णैहून परत फिरायचा छोटा रूटही ठेवू, बाकी बघतो.

तुमची निळी पाण्याची बाटली टेंपोत राहिली आहे. पत्ता मेसेज करा, कुरियर करतो. कुरियरचे पैसे नकोत.