बजेट नव्हतं म्हणून 'देजा वू' फसला? काहीही हं!

'आय स्पिट ऑन युअर ग्रेव्ह: देजा वू' या सिनेमावर लोकांची मतं वाचायला गेलं की फिरून फिरून एकच मत शेअर झालेलं दिसतं. त्याचा सारांश असा: शिव्या घालू नका, बिचाऱ्यांकडे बजेटच नव्हतं, मूळ दिग्दर्शक आहे, मूळ हिरोईन आहे, हाच खरा सिक्वेल, पैसे असते तर पहिल्याचा बाप झाला असता. आणि त्याला जोडून अजून चार-पाच मुद्दे. आता एकेक घेऊ. स्पॉयलर येणारेत, ज्यांना बघायचाय त्यांनी इथूनच कल्टी मारा.

आधी थोडक्यात मागचं. १९७८ मध्ये मायर झार्चीनं, म्हणजे त्या मूळ दिग्दर्शकानं, पहिला सिनेमा काढला, तेव्हा नाव होतं 'डे ऑफ द वुमन', 'आय स्पिट ऑन युअर ग्रेव्ह' हे नाव १९८० मध्ये पुन्हा रिलीज करताना चिकटवलं. न्यूयॉर्कची लेखिका जेनिफर नदीकाठी घर भाड्यानं घेऊन कादंबरी लिहायला जाते, तिथले चौघे तिच्यावर अत्याचार करतात, ती जगते आणि मग एकेकाला गाठून संपवते. 'देजा वू' आला एप्रिल २०१९ मध्ये. यात जेनिफर कोर्टातून सुटलीये, तिचं पुस्तक तुफान खपलंय, मुलगी क्रिस्टी मॉडेल आहे आणि मेलेल्यांचे नातेवाईक दोघींना उचलून नेतात.

तर बजेट. अरे भाऊ, पहिल्याकडे तरी कुठं होतं? लेखक झार्ची, दिग्दर्शक झार्ची, एडिटरही झार्चीच, कनेक्टिकटमधल्या केंट गावाच्या आसपास शूटिंग, मोजून मूठभर नट. त्यातला बाथरूमचा सीन आठवा. त्या चौघांचा म्होरक्या जॉनी टबमध्ये, त्याच्यावर सुरी चालवून झाल्यावर जेनिफर दार बाहेरून बंद करते, खाली येते, ऑपेराची रेकॉर्ड लावते आणि झुलत्या खुर्चीत बसते. वर तो किंचाळतोय, खाली ही झुलतेय. बस. खर्च किती आला असेल? टब घरातलाच, एक रेकॉर्ड प्लेअर, एक खुर्ची आणि थोडं लाल पाणी. अख्ख्या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही, हार्मोनिका, चर्चमधला ऑर्गन आणि ती रेकॉर्ड, जे काय वाजतं ते सीनच्या आतलंच, त्यामुळं आपण कुठं घाबरायचं कुठं सुटकेचा श्वास सोडायचा हे कोणी सांगायला नाही आणि म्हणूनच तो सिनेमा अजून अंगावर येतो.

आता 'देजा वू' बघा. १४८ मिनिटं! पहिला शंभरच्या आसपास होता, हा जवळजवळ पाऊण तास जास्त. सुरुवातीला माय-लेकी रेस्टॉरंटमध्ये बसून बोलतायत बोलतायत, पुस्तकाबद्दल, करिअरबद्दल, संपतच नाही. पुढे किडनॅप करणारे बोलतायत, म्हणजे ओरडतायत, तीच धमकी तीन-तीनदा. मला सांगा, यात कमी पैशाचा संबंध काय? जास्तीचा प्रत्येक सीन शूट करायला उलट पैसेच लागतात, नको असलेला काढायला फक्त कात्री लागते. नकली रक्त आणि स्वस्तातले इफेक्ट पब्लिक माफ करतं, असले सिनेमे बघणाऱ्याला त्यातच मजा असते. कंटाळा मात्र कोण माफ करणार?

"२०१० च्या रिमेककडे पैसा होता म्हणून जमला" हा पुढचा मुद्दा. बरं, जमला म्हणू. मग त्याच्याच दिग्दर्शकानं, स्टीव्हन मन्रोनं, २०१३ मध्ये दुसरा भाग काढला, न्यूयॉर्क, बल्गेरिया, सगळं केलं आणि स्टोरी तीच, नुसता पत्ता बदलला. पैशानं लोकेशन येतं, स्टोरी नाही.

"केमिल कीटन ४१ वर्षांनी पहिल्यांदा जेनिफर झाली" (कीटन म्हणजे ती मूळ हिरोईन), हे तर सरळ चूक आहे. १९९३ मध्ये डोनाल्ड फार्मरचा 'सॅव्हेज व्हेंजन्स' आलाय, विनापरवाना सिक्वेल, व्हिडिओवर शूट केलेला, त्यात तीच आहे, फक्त टायटलमध्ये नाव विकी केल असं लावलंय. तो भंगार आहे, वाद नाही, पण निदान दीडशे मिनिटं छळत नाही. हां, अधिकृत म्हणायचं असेल तर म्हणा, पहिल्यांदा म्हणू नका.

"जेनिफरला मध्येच मारलं हा पहिल्या सिनेमाचा अपमान", हे दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात आणि मला हेही पटत नाही. सगळ्यात धाडसी गोष्ट तीच आहे! जिला आपण इतकी वर्षं जिंकलेली समजतो तिला अर्ध्याच्याही आधी उडवायचं म्हणजे प्रेक्षकाच्या पायाखालची सतरंजीच ओढायची. लोच्या त्यानंतर होतो. कीटन पडद्यावर असते तोवर कोणीतरी खरं माणूस बसलंय असं वाटतं, ती गेली की उरतात नुसते आरडाओरडा करणारे, आणि क्रिस्टी झालेली जेमी बर्नाडेट जीव तोडून काम करते पण समोरच्याकडून काही येतच नाही तर ती तरी काय करणार.

आणि इथं माझा खरा राग आहे. "जंगलातले अडाणी लोक असेच दाखवतात, या प्रकारच्या सिनेमात चालतं." कोण म्हणतं चालतं? पहिल्यातले चौघे कोण होते? एक पेट्रोल पंपावाला, त्याचे दोन रिकामटेकडे दोस्त आणि किराणा पोचवणारा मंदबुद्धी मॅथ्यू. जॉनीला बायको होती, दोन पोरं होती, ती पंपावर दिसतातसुद्धा. गाडीत पेट्रोल भरणारा, काचा पुसणारा माणूस हे करू शकतो, भीती त्याची होती. बरं केंट म्हणजे काय कुठलं अघोरी जंगल नाही, न्यूयॉर्कहून गाडीनं दोनेक तासांवरचं गाव. 'देजा वू' मध्ये तीच जॉनीची बायको बेकी आता म्हातारी होऊन सूड घ्यायला आलीये, आणि ही कल्पना एक नंबर आहे हो! नवरा बलात्कारी होता हे तिला मान्यच नाही, तिच्या लेखी पोरांचा बाप मारला गेला, एवढंच. यावर अख्खा सिनेमा उभा राहिला असता. पण तिला दिलंय काय, तर डोळे वटारून देवाच्या नावानं किंचाळणं. बेकी झालेली मरिया ओल्सन ताकदीची नटी आहे, तिला एक सीन शांतपणे बोलू दिला असता तर हातपाय गार पडले असते. माणसाचं बुजगावणं केलं की त्याची भीती वाटत नाही, आणि हे पैसे वाचवायला नाही केलं, लिहितानाच केलंय.

शेवटचा मुद्दा, "रॉजर ईबर्टनंही पहिल्याला शून्य स्टार दिले होते, हाही पुढं कल्ट होणार." ईबर्ट म्हणजे अमेरिकेतला नावाजलेला सिने-समीक्षक, आणि शून्य दिले होते, खरंय. पण पहिल्याचं नाव झालं ते शिव्या पडल्या म्हणून नाही, शिव्या घालणारेच परत बघायला लागले म्हणून. ब्रिटनमध्ये तो 'व्हिडिओ नॅस्टी', म्हणजे अश्लील-हिंसक ठरवलेल्या व्हिडिओंच्या यादीत गेला, २००१ मध्ये सर्टिफिकेट मिळालं तेही काटछाट करून. सिनेमाची अभ्यासक कॅरल क्लोव्हर हिनं १९९२ च्या पुस्तकात तो गंभीरपणे वाचला. ब्रिटिश स्त्रीवादी पत्रकार ज्युली बिंडेल तर त्याच्याविरुद्ध निदर्शनं करणाऱ्यांपैकी, तिनं २०११ मध्ये जाहीर लिहिलं की आपलं चुकलं होतं. 'देजा वू' वर बंदी नाही आली, मोर्चा नाही निघाला, लोकांनी अर्ध्यात बंद केला आणि झोपले. कल्ट व्हायला आधी कोणीतरी शेवटपर्यंत बघावा लागतो ना.

तरी झार्चीबद्दल उत्सुकता असेलच तर त्याचा मुलगा टेरी झार्ची यानं त्याच सुमारास पहिल्या सिनेमावर एक डॉक्युमेंटरी केलीये, 'ग्रोइंग अप विथ आय स्पिट ऑन युअर ग्रेव्ह', आधी ती बघा.