चप्पल निसटली तरी कळत नाही
मधुमेह आणि पाय यांवरचा तुमचा लेख वाचला. मधुमेहाने पायांच्या नसा खराब झाल्या की मुंग्या येतात, जळजळ होते, हे त्यात छान सांगितलंय. पण चाल, म्हणजे चालण्याची ढब कशी बदलते, यावर जेमतेम एक ओळ! घरच्यांच्या डोळ्यांत आधी भरते ती चालच. माझ्या वडिलांच्या पायातून चप्पल निसटायची आणि ते चार पावलं तसेच पुढे जायचे. आम्ही विसरभोळेपणा समजून हसायचो. पुढे डॉक्टरांनी 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून स्पर्श कळतो का ते पाहिलं, तर बाबा डोळे मिटून विचारतात, "सुरू कधी करताय?"

तळव्याकडून खबर येईनाशी झाली की माणूस डोळ्यांच्या भरवशावर चालतो. नजर जमिनीवर, पावलं आखूड, दोन पायांत अंतर जास्त, वेग कमी. दिवे गेले किंवा तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की झोक जातो. पावलातले बारीक स्नायू वाळतात, बोटं आकसतात, भार चवड्यावर येतो. तिथे घट्टा पडतो, त्याखाली जखम होते. आणि दुखतच नाही, त्यामुळे माणूस लंगडतही नाही, त्याच जखमेवर दाण दाण पाय टाकत राहतो.

म्हणून लेखातला 'रोज भरपूर चाला' हा सल्ला सरसकट नको. तळव्याला जखम असेल तर त्या पायावर भार देणं बंदच करायला लागतं, आणि ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. बूट घालण्याआधी आत हात घालून चाचपा. बाबांच्या बुटात एकदा दिवसभर स्क्रू होता, संध्याकाळी मोजा लाल दिसला तेव्हा कळलं.