डायनासोरसमोरच्या त्या फोटोबद्दल खुलासा

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, माउंटन व्ह्यू गावातल्या गूगलच्या मुख्यालयाच्या आवारात डायनासोरच्या सांगाड्यापुढे उभा असलेला माझा फोटो सध्या नातेवाइकांच्या ग्रुपांवर फिरतोय. खाली कुणीतरी लिहिलंय, ‘इथे आठवड्यातला एक दिवस नुसता खेळायचा, जेवण फुकट, कोणीही जावं.’ फोटो माझाच, मजकूर माझा नाही.

तो ‘एक दिवस’ म्हणजे २० टक्के वेळ. कंपनीच्या संस्थापकांनी २००४च्या पत्रात लिहिलंय की, नेमून दिलेल्या कामाशिवाय, कंपनीच्या भल्याचं वाटेल त्यावर कर्मचाऱ्यांनी हा वेळ घालवावा. म्हणजे कामच, फक्त आपल्या पसंतीचं. गूगल न्यूजचा पहिला नमुना त्यातूनच निघाला.

जेवण फुकट, हे खरं. पण मी जेवलो ते मित्राचा पाहुणा म्हणून, छातीवर नावाचा स्टिकर चिकटवून. आवारात फिरायला ठेवलेल्या रंगीत सायकलीही कर्मचाऱ्यांसाठी, पर्यटकांसाठी नाहीत.

सांगाडा टी-रेक्सचा, नाव ‘स्टॅन’; पण ती प्रतिकृती आहे, खरी हाडं नव्हेत. त्याच्या अंगावर लटकणारे गुलाबी प्लॅस्टिकचे फ्लेमिंगो मात्र खरोखर असतात, ते कुणी फोटोत घुसडलेले नाहीत. काकांनी तीनदा विचारलंय, म्हणून सांगतो.